नऊ पन्नासची नोंद

गुरुवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी नळदुर्ग बसस्थानकाचे वाहतूक नियंत्रक व्यंकट सुरवसे यांनी एक घोषणा अर्ध्यात सोडली. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, उमरग्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक’ इतकं बोलून आवाज थांबला. आकडा आलाच नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं. बाहेर उभ्या असलेल्यांना वाटलं, लाइट गेली. पण केबिनमधला पंखा फिरत होता, टेबलावरच्या माईकचा लाल दिवाही लागलेला होता.

आकडा तीन होता. तो व्यंकटच्या तोंडात तयार होता, पण त्याला बाहेर ढकलायला लागणारा श्वास सापडत नव्हता. छातीच्या मधोमध कुणीतरी भरलं पोतं आणून टेकवलं होतं, आणि ते उचलून नेण्याऐवजी त्यावर दुसरं ठेवत होतं. डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत जडपणा उतरत गेला. खाकी सदरा पाठीला चिकटला. सकाळची गार हवा होती, हायवेवरून ट्रक नेहमीसारखे हैद्राबादकडे चालले होते, आणि त्याच्या कपाळावरून घाम टपटप खालच्या रजिस्टरवर पडत होता. शाई पसरेल, असं त्याला वाटलं. त्यानं रजिस्टर बाजूला सरकवायला हात उचलू पाहिला, पण तो तसाच टेबलावर राहिला. मग तो खुर्चीतून घसरला आणि भिंतीला पाठ लावून फरशीवर बसला.

केबिनमध्ये त्या वेळी आणखी एक माणूस होता, आणि नेमका तोच असायला नको होता. ज्ञानोबा. सास्तूरचे, पासष्टीचे, व्यंकटचे व्याही. व्यंकटची लेक शिवांजली चार वर्षांपूर्वी त्यांच्या घरात दिलेली. दोन वर्षांपूर्वी ज्ञानोबांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हापासून महिन्याच्या एका गुरुवारी तपासणीला जाताना ते लोहाऱ्याच्या गाडीनं इथं उतरत आणि सोलापूरची गाडी लागेपर्यंत व्यंकटच्या केबिनमध्ये बसत. चार वर्षांत दोघं पाऊस, सोयाबीन आणि शिवांजलीची तब्येत यांपलीकडं काही बोललेले नव्हते. ज्ञानोबा आले की व्यंकट सदऱ्याचं वरचं बटण लावायचा. मुलीच्या सासऱ्यापुढं माणूस नीटच दिसला पाहिजे.

ज्ञानोबा उठले. घाबरले नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे त्यांनी उघड्या हातांनी नऊ माणसं दगडाखालून काढली होती. घाबरायचं काम त्यांनी तेव्हाच उरकून टाकलं, असं सास्तुरात म्हणत. त्यांनी बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली. तंबाखू सुटली होती, डबी सुटली नव्हती. चुन्याच्या जागी आता जिभेखाली ठेवायच्या गोळ्या असत, छातीत कळ आली तर घ्यायच्या. त्या त्यांच्यासाठी लिहून दिलेल्या, पण सास्तुरात आणि आसपास कुणी छातीवर हात ठेवला की डबीवाल्या आबांना बोलावणं जाई. आजवर सात जणांना त्यांनी गोळी दिली होती. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

“आ करा, पाव्हणं,” ज्ञानोबा गुडघ्यावर बसत म्हणाले. “बोलू नका. नुस्तं आ करा.”

व्यंकटनं दातावर दात आवळले.

गोळी जवळ आली. पांढरी, मसुराएवढी, ज्ञानोबांच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत. त्या बोटांना अजून चुन्याचा वास होता. व्यंकटनं मान डावीकडं फिरवली. डोळ्यांपुढं केबिनच्या हिरव्या भिंतीवरचा पोपडा आला, आणि त्या पोपड्यात त्याला शिवप्रिया दिसली.

मेडिकलच्या काउंटरमागं उभी राहणारी, पांढऱ्या कोटाची, सव्वीस वर्षांची पोरगी. वारलेल्या नागप्पा कंडक्टरची लेक. बाप नसताना शिकली, फार्मसीची डिग्री घेऊन गावात परत आली. व्यंकटनं तिला फ्रॉकमध्ये स्टँडवर खेळताना पाहिलेलं. गोळ्यांची पहिली पट्टी त्यानं सोलापुरात घेतली होती, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्या वेळी रजा मिळाली नाही. काउंटरवर मालक असतील अशा हिशोबानं तो दुपारी अडीचला गेला तर ही उभी. परत फिरायला तोंड नव्हतं. त्यानं चिठ्ठी घडी करूनच पुढं सरकवली. तिनं उलगडली, वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. रोज पन्नास चिठ्ठ्या वाचते तशीच ही वाचली. नुसतं म्हणाली, “काका, इकडं या जरा, आतल्या बाजूला.” आणि विचारायला लागली. बीपीची कुठली गोळी? शुगरची कुठली? लघवीसाठी काही चालू आहे? दारू? छातीत कधी दुखलंय? जिन्यावर धाप लागते? जिभेखालची गोळी कधी घेतली होती का? तो मान हलवत राहिला. घरात कुणाकडं असते? तेव्हा तो म्हणाला, “आमच्या व्याह्यांकडं. खिशातच असती त्यांच्या.”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. “मग नीट ऐका. ही घेतल्यावर चोवीस तास ती नाही. कुणी दिली तरी नाही, कितीही प्रेमानं दिली तरी नाही. दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकदम अंगात आल्या तर बीपी इतकं खाली येतं की माणूस जाऊ शकतो. ही चोवीस तासांची गोष्ट या गोळीची. दुसऱ्या एका गोळीला दोन दिवस थांबावं लागतं. म्हणून दुसऱ्या कुणाची मागून घ्यायची नाही. दिवसातून एकच. लागू पडली नाही म्हणून दुसरी नाही. आणि घेतल्यावर छातीत दुखलं, तर जवळ जो असेल त्याला पहिलं हे सांगायचं. नाव आणि वेळ. डॉक्टरला तर सांगायचंच, पण डॉक्टर येईपर्यंत जो कुणी असेल त्याला. म्हणून दाखवा.”

“काय?”

“काय सांगाल ते म्हणून दाखवा.”

तो पुटपुटला. ती म्हणाली, “ऐकू नाही आलं, काका. स्टँडवर तर अख्ख्या गावाला ऐकू जातंय की.” त्याला हसू आलं होतं. त्या हसण्यानंच लाज थोडी सैल झाली आणि दुसऱ्यांदा तो जरा मोठ्यानं म्हणाला. तिसऱ्यांदा तिनं नुसती मान डोलावली. पट्टी देताना म्हणाली, “गाडीची वेळ लिहिता तशी हिची लिहीत जा. वेळ अन् नाव. डायरी खिशात ठेवा.” घरी जाताना व्यंकटला नागप्पाची आठवण आली होती. नागप्पाचं तिकीट कधी चुकलं नव्हतं. रिकाम्या गाडीतही तो दारापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन सीटा मोजायचा.

“अहो, आ करा की!” ज्ञानोबांचा आवाज चढला. “इंद्रजित! अरे कँटीनवाल्या, पळ इकडं! हे तोंडच उघडंनात.”

इंद्रजित पळत आला. मागोमाग दोन कंडक्टर आले, दारात माणसं दाटली. इंद्रजितनं खांदे धरले. “साहेब, घ्या हो, कडू न्हाय ती.” कुणीतरी म्हणालं, दातखीळ बसली. कुणी म्हणालं, चमचा आणा. चमचा आणायला खरंच एक जण धावला.

डायरी छातीवरच होती, सदऱ्याच्या खिशात, दुखत होतं त्याच्यावर. काल रात्री त्यानं वेळ लिहिली होती: २१.५०. एसटीच्या सवयीनं, चोवीस तासांच्या घड्याळात. पण नाव लिहिलं नव्हतं. नाव लिहिताना हात अडला होता. डायरी कुणाच्या हातात पडली तर? म्हणून नुसता आकडा. हा आकडा आता कुणाला काय सांगणार? उशिरा सुटलेली एखादी गाडी वाटेल. शिवप्रियानं दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यानं एकच केली. एवढ्या दुखण्यातही ही चूक त्याला स्वच्छ दिसली, रजिस्टरमधली मोकळी सुटलेली ओळ दिसते तशी.

अशी मोकळी ओळ घरातही, नवरा-बायकोत, दोन वर्षं होती. सात वर्षांच्या शुगरनं हळूहळू ती पाडली, आणि व्यंकटनं ती बोलण्यानं भरायच्या ऐवजी न बोलण्यानं भरली. ड्यूटीवरून आला की जेवण, बातम्या, झोप. दिवसभर लाउडस्पीकरवर गावाशी बोलणारा माणूस घरात मुका झाला. त्याच काळात गुंडप्पा ड्रायव्हरनं हायवेच्या ढाब्यावरून आणलेली एक निळी गोळी कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या हातात ठेवली होती. “घ्या साहेब, ट्रकवाले घेतात, येकदम फस्क्लास.” ती पुडी पंधरा दिवस खिशात फिरली. कपडे धुताना शिवकन्येला सापडली. शिवकन्या त्याची बायको, अंगणवाडीची सेविका. वीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करून कार्डावर खरा आकडा लिहिणारी, मग आई रडो नाहीतर चिडो. तिनं आदळआपट केली नाही.

“ही कुणी दिली? डॉक्टरनं?”

“गुंडप्पानं.”

“गुंडप्पा गाडी चालवतो. गाडी बिघडली तर त्याला विचारा.” तिनं गोळी मोरीत टाकली, वर तांब्याभर पाणी ओतलं. “हे बिघडलंय ते मी तुमच्यासंगं येऊन डॉक्टरला सांगते.”

आणि ती खरंच आली. सोलापूरच्या त्या दवाखान्यात व्यंकट खुर्चीच्या कडेवर बसून गुडघ्यावरची टोपी फिरवत राहिला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मग शिवकन्याच बोलली. “डॉक्टर, दोन वर्षं झाली. त्याची मला लई अडचण न्हाय. पण हे माझ्याशी बोलायचे थांबले, ते मला चालत न्हाय.” डॉक्टरांनी लिहिणं थांबवून तिच्याकडं पाहिलं होतं. व्यंकटनंही पाहिलं होतं. तीस वर्षांच्या संसारात या बाईचं एवढं नवल त्याला कधी वाटलं नव्हतं. मग रक्त, ईसीजी, बीपी, सगळं तपासून झालं. हृदय इतका ताण झेलू शकतं का ते आधी बघायचं, शुगर आटोक्यात आणायची, आणि मगच कमी ताकदीची गोळी, पंचवीसची. गोळीनं काय झालं आणि काय नाही, हा त्या दोघांचा मामला. पण परतीच्या गाडीत, पहिल्यांदाच, तो सोलापूरपासून नळदुर्गापर्यंत बोलत आला होता. काय बोलला ते आठवत नाही. ती ऐकत होती, एवढं आठवतं.

चमचा आला. स्टीलचा, कँटीनचा, चहापत्तीचा वास असलेला. ओठांना गार लागला.

व्यंकटनं विचार केला. विचार करायला वेळ आहे याचंच त्याला आश्चर्य वाटलं. दात आवळून धरता येतील, पण किती वेळ? डोळ्यांपुढं कडेनं काळं सरकत येत होतं. बेशुद्ध पडलो तर दात आपले राहणार नाहीत. जबडा सुटेल, आणि हा देवमाणूस, नऊ जणांना दगडाखालून काढणारा, कसलाही वाईट हेतू नसताना ती गोळी जिभेखाली सरकवेल. मान हलवून भागणार नव्हतं. सांगावं लागणार होतं, आणि यालाच. आज जे कानावर पडेल ते सास्तूरला जाणार, त्या घरात शिवांजली भाकरी थापत असेल तिथपर्यंत पोचणार. शिवाय माईक. बटण परत दाबल्याशिवाय तो दिवा विझत नाही. बाहेर सकाळच्या कॉलेजची पोरं, अक्कलकोटला निघालेल्या बाया, गुंडप्पाची गाडी. ‘माईक बंद करा’ असं म्हणायलाही तोंड उघडावं लागेल, आणि तोंड एकदाच उघडता येईल. एका श्वासापुरतं. त्या श्वासात काय घालायचं, एवढंच ठरवायचं होतं.

त्यानं उजव्या हातानं ज्ञानोबांचं मनगट धरलं, गोळीसकट. मग तोंड उघडलं. आवाज घरचा आला नाही, माईकवरचा आला. एकतीस वर्षांत घोटलेला, स्वच्छ, छापील.

“काल रात्री नऊ वाजून पन्नास मिनिटांनी मी सिल्डेनाफिलची गोळी घेतली आहे. नवरा-बायकोच्या संबंधासाठीची. चोवीस तास मला जिभेखालची गोळी देऊ नये. जीव जाईल.”

फलाट एक ते फलाट सहा, रसवंतीच्या शेडपर्यंत, ते ऐकू गेलं. मग बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. लगेच एका म्हातारीचा आवाज आला, “दात काय काढतूस रं मुडद्या, तिकडं माणूस मरायलाय!” हसू थांबलं. इंद्रजितनं चमचा मागं घेतला आणि कुठं ठेवावा ते न कळून स्वतःच्या खिशात घातला.

ज्ञानोबा व्यंकटकडं पाहत होते. व्यंकटनं डोळे मिटले नाहीत. मिटावेत असं फार वाटलं, तरी नाहीत. ज्ञानोबांनी चिमटीतली गोळी परत डबीत टाकली आणि झाकण लावलं. ते टच्चकन वाजलं. मग त्यांनी हात लांब करून माईकचं बटण दाबलं. लाल दिवा विझला.

“एकशे आठ येऊस्तोवर थांबायचं न्हाय,” ते दाराकडं बघून म्हणाले. “जीप आणा कुणाची तरी. अन् त्यांस्नी चालवू नका, उचला.”

जीपमध्ये व्यंकटचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. ही गोष्टही चार वर्षांत, किंवा कुठल्याही व्याह्यांच्या चार पिढ्यांत, झाली नसेल. वरून ज्ञानोबांची हनुवटी दिसत होती, पांढरे खुंट, आणि खिडकीतून मागं जाणाऱ्या ढाब्यांच्या पाट्या. लाज कुठं गेली ते व्यंकट शोधत होता. ती होती, पण दुसऱ्या कुणाची तरी बॅग आपल्या पायाशी असावी तशी.

“पाव्हणं,” ज्ञानोबा खाली न बघता बोलले, “म्या बी त्या गोळीचं इचारलं व्हतं डॉक्टरला. मागल्या साली. डबीतल्या ह्या गोळ्या हायत तंवर तुमाला ती न्हाय म्हणला. म्या गप आलो. कारभारणीला काय सांगितलं न्हाय.” पुढच्या खड्ड्यात जीप आदळली, त्यांनी व्यंकटचं डोकं दोन्ही हातांनी सावरलं. “पर मला म्हायत असून म्या तुमाला इचारलं न्हाय. कुणालाच इचारलं न्हाय. आमच्या आळीतल्या बंडप्पाला ही गोळी दिली व्हती पोळ्याच्या दिशी. घेतली अन् जाग्यावर बसला. दवाखान्यापत्तूर गेला न्हाय. आमी म्हणलं, झटकाच मोठा व्हता.”

व्यंकटला म्हणायचं होतं, तसंच असेल, झटकाच मोठा असेल. पण ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली वेळ त्यानं कधी माईकवर सांगितली नव्हती. त्यानं फक्त त्यांच्या बंडीचं टोक धरलं.

नळदुर्गच्याच दवाखान्याच्या दारात सात अठ्ठेचाळीसला डॉक्टर पुढं झाले. ते काही विचारण्याआधी ज्ञानोबा मोठ्यानं म्हणाले, “काल रातच्याला नऊ पन्नासला शिल्डेनाफील घेतलीय ह्यांनी. जिभंखालची दिली न्हाय. द्यायची बी न्हाय.” डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा व्यंकटकडं पाहिलं आणि नर्सला कागदावर सगळ्यात वर तेच लिहायला सांगितलं. छातीचा ईसीजी काढला. त्यात फरक होता. चघळायला रक्त पातळ करायची वेगळी गोळी दिली, सुई लावली, आणि आठ वीसला रुग्णवाहिका सोलापूरकडं निघाली. निघता निघता शिवप्रिया दारात दिसली, पांढरा कोट घाईत एकाच बाहीत घातलेला. लाउडस्पीकर मेडिकलपर्यंत ऐकू जातो. तिनं हात वर केला, कंडक्टर गाडी सोडताना करतो तसा.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी व्यंकट सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात, उजवीकडून दुसऱ्या खाटेवर होता. भार पूर्ण गेला नव्हता, पण वरचं पोतं कुणीतरी उचललं होतं. बीपी एकशे अठरा. शिवकन्या शेजारी उभी होती, अंगणवाडीच्या साडीतच. शिवांजलीचा तिला फोन येऊन गेला होता. पोरीनं एवढंच विचारलं होतं की दादा, म्हणजे तिचे वडील, बोलतात का. तिनं सांगितलं होतं, बोलतात.

तिनं नवऱ्याच्या सदऱ्यातली डायरी काढली, कालचं पान शोधलं. २१.५० पाहिलं. पुढं काहीच नव्हतं. पिशवीतून पेन काढून तिनं त्या आकड्यापुढं गोळीचं नाव लिहिलं, लेकरांच्या कार्डावर लिहिते तसं, प्रत्येक अक्षर सुटं. मग डायरी नर्सच्या टेबलावर उघडी ठेवली.

“किती वाजले?” व्यंकटनं विचारलं.

“एक दहा.”

आठ तास चाळीस मिनिटं बाकी, त्यानं हिशोब केला. दाराच्या काचेतून बाकावर बसलेले ज्ञानोबा दिसत होते. त्यांची तपासणीची वेळ अकराची होती, ती गेली. डबी त्यांच्या मुठीत होती, झाकण बंद. सकाळपासून त्यांनी ती उघडली नव्हती आणि खिशातही ठेवली नव्हती. हृदयाला किती इजा झाली ते सांगणारा रक्ताचा दुसरा रिपोर्ट दोन वाजता येणार होता. त्याला अजून पन्नास मिनिटं होती.